डाव्या हाताचा आकडा

सिस्टर : एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे चार. थांबा मावशी, हात पलंगाजवळच्या टेबलावरच राहू द्या, परत घेते.

आई : किती वेळा आवळशील गं? सोड तो शिकंजा.

सिस्टर : पुस्तकं दाबायचा शिकंजा खाली, तुमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात. हा पट्टा आहे. आणि बोलू नका, बोललं की आकडा चढतो. ...झालं. एकशे नव्वद. ताई, वही आणा बघू. आईचा रक्तदाब रोज लिहिता ती.

मुलगी : ही घ्या.

सिस्टर : काल सकाळी एकशे बत्तीस, संध्याकाळी एकशे अठ्ठावीस. परवा एकशे चौतीस. गेल्या तीन आठवड्यांत एकदासुद्धा एकशे चाळीसच्या वर नाही. आणि आज एकदम एकशे नव्वद?

मुलगी : मशीनवर दिसतं तेच लिहिते मी.

आई : अक्षर बघा तिचं. कोंबडीचे पाय. मी चाळीस वर्षं वह्या शिवल्या, त्या असल्या अक्षरासाठी?

सिस्टर : अक्षराचं नंतर. ताई, सकाळी काय झालं ते पुन्हा सांगा. वेळेसकट. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

मुलगी : आठ वाजून दहा मिनिटं. मी चहा दिला. तिनं कप तोंडाला लावला आणि चहा उजवीकडून गळायला लागला. तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, आई, काय होतंय? तर नुसतं 'खळ, खळ, खळ'. मला वाटलं, चिकटवायची खळ मागतेय. खाली हाक मारून वाडगाभर मागवलीसुद्धा. मग कळलं, दुसरा शब्दच येत नाहीये. आठ वीसला आपोआप सरळ झालं. पहिली शिवी आली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आई : खळ पातळ होती. पाणी जास्त घालतात मेले, मी खाली नाही ना.

सिस्टर : मावशी, हसून दाखवा. दात दिसू द्या. बरं. दोन्ही हात वर, उजवा जेवढा येईल तेवढा. आता म्हणा, आज मी घरी आहे.

आई : आज मी घरी आहे आणि घरीच मरणार आहे.

सिस्टर : बोलणं तर स्वच्छ आहे. पण ताई, आपोआप सरळ झालं म्हणून खूश होऊ नका. सहा आठवड्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकली आणि यांची उजवी बाजू गेली. आजची दहा मिनिटं म्हणजे दुसऱ्या झटक्याची सूचना. मी अँब्युलन्सला फोन केलाय, वीस मिनिटं म्हणालेत.

आई : मी जाणार नाही. खाली ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं उसवून पडलीत. कोण शिवणार? ही?

मुलगी : सिस्टर, तोवर गोळी देऊ का प्रेशरची? दोन देते एकदम.

सिस्टर : अजिबात नाही. घाईघाईनं खाली आणला तर मेंदूचा जो भाग कसाबसा तग धरून आहे त्यालाच रक्त पुरायचं नाही. किती उतरवायचा, कसा उतरवायचा, ते डॉक्टर ठरवतील. पण मला एक सांगा, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली ती कशावरून?

मुलगी : या वहीवरून. आई म्हणाली चक्कर येते. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, आकडे इतके छान आहेत तर गोळी जास्त होत असेल, अर्धी करा.

सिस्टर : ताई, स्पष्ट विचारते. हे आकडे मनानं लिहिलेत का?

मुलगी : नाही.

सिस्टर : पुष्कळ घरांत लिहितात. माणूस थकतो, कंटाळतो, मग एक दिवस बसून आठवड्याचे आकडे काढून टाकतो. मी ओरडणार नाही.

मुलगी : मी रोज बांधते. पाच मिनिटं गप्प बसवते, मग बटण दाबते. आईच्या गळ्याची शपथ.

आई : माझा गळा कशाला? स्वतःचा घे की.

सिस्टर : मग मला बांधून दाखवा. रोज बांधता अगदी तसाच.

मुलगी : आत्ता?

सिस्टर : आत्ता. ...अहो ताई, पलंगाला वळसा घालून तिकडे कुठे निघालात? हा उजवा हात आहे.

मुलगी : हो.

सिस्टर : हा लुळा हात आहे! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, लुळ्या हातातला आकडा फसवा असतो, डाव्यालाच बांधा. या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं. हे बघा माझं अक्षर. 'डाव्या हाताला बांधणे.' खाली दोन रेघा मारल्यात.

मुलगी : माहीत आहे.

सिस्टर : बटण दाबा. ...एकशे छत्तीस. बघितलंत? तिकडे एकशे नव्वद, इकडे एकशे छत्तीस. एकाच बाईचे, एकाच घटकेला. त्या हाताची नस चोंदली असेल, आणखी काही असेल, डॉक्टर शोधतील. पण तीन आठवडे तुमची आई एकशे नव्वदवर बसली होती आणि आपण तिची गोळी कमी करत होतो. का? एवढं सोपं काम होतं.

मुलगी : मी डाव्या हाताच्या टप्प्यात जात नाही.

सिस्टर : म्हणजे काय?

आई : सांग की. आता का दातखीळ बसली? झटका मला आलाय.

मुलगी : पहिल्या दिवशी डाव्यालाच बांधला होता. पट्टा फुगायला लागला तशी तिनं मशीन हिसडलं आणि माझ्या तोंडावर हाणलं. हा दात. अर्धाच राहिलाय. तुम्हाला मी जिन्यात पडले म्हणून सांगितलं.

सिस्टर : आणि दुसऱ्या दिवशी?

मुलगी : दुसऱ्या दिवशी कप. तिसऱ्या दिवशी केस धरले आणि डोकं पलंगाच्या लोखंडावर आपटलं. दोनदा. चौथ्या दिवशी मी पलंगाच्या या बाजूला आले.

आई : मुद्दाम आवळत होती. हाताला मुंग्या आणत होती माझ्या. राहिलेला एक हात, तोही घालवायचाय हिला.

सिस्टर : मावशी, तुम्ही शांत पडा. तुम्हाला आत्ता चिडून चालणार नाही.

आई : माझ्या घरात मी चिडणार नाही तर काय शेजारी जाऊन चिडू?

सिस्टर : ताई, हे झटक्यानंतर सुरू झालं का? कधीकधी होतं तसं. मेंदूला मार बसला की माणूस चिडका होतो, हात उगारतो. स्वभावच बदलतो.

मुलगी : बदलला नाही सिस्टर. फक्त हात बदलला. आधी उजवा होता. पुठ्ठा कापायची लोखंडी पट्टी असते ना, ती घेऊन. आडवी नाही, उभी, धारेनं. हा अंगठा बघा, सरळ होत नाही. शिलाई वाकडी गेली म्हणून मोडला. मी अकरा वर्षांची होते. पाठीवर काय काय आहे ते मलाही माहीत नाही, मी कधी आरशात बघितलं नाही. खालची माणसं तिला पाठीमागं शिकंजा म्हणतात. आणि वर आवाज सुरू झाला की कटिंग मशीन चालू करतात. कापायला काही नसलं तरी चालू करतात. ऐकू येऊ नये म्हणून.

आई : मारलं म्हणून हाताला वळण लागलं. शिलाई बघा तिची. सुतासारखी. बाप सोडून गेला तेव्हा नऊ वर्षांची होती आणि सुईत दोरा ओवता येत नव्हता भवानीला.

मुलगी : दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजवा हात गेला. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि हसले. पोट दुखेपर्यंत हसले, सिस्टर. नंतर रडले, पण आधी हसले.

आई : ऐका! ऐका, काय बोलते ते!

मुलगी : अडतीस वर्षांत पहिल्यांदा घरात उभी राहून जेवले नाही मी. बसून जेवले. पंधरा दिवस. तेवढ्यात डावा शिकला. तो व्यायाम घेणारा माणूस येतो ना, तो म्हणाला, वा, डाव्या हाताची ताकद काय सुरेख आलीय! माझ्या कपाळाला टेंगूळ होतं आणि मी त्याला म्हणाले, हो ना.

सिस्टर : मीही म्हणाले होते. वहीत शेरा मारला होता, 'डावा हात उत्तम'. टेंगूळ मी पण बघितलं होतं, ताई. मला विचारायला हवं होतं. ...बरं. भीतीनं उजव्याला बांधलात, हे मला समजतं. मी डॉक्टरांना सांगेन.

मुलगी : नुसती भीती नव्हती.

सिस्टर : मग?

मुलगी : हा हात मला आवडायला लागला.

आई : काय बडबडतेय?

मुलगी : मी हिचा उजवा हात कधी धरला नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा ती मनगट धरायची, मी नाही. आता हा माझ्या मांडीवर पडून असतो. गरम असतो. तळव्याला सुईचे घट्टे आहेत, खळीनं नखं पिवळी झालीत. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. त्या पाच मिनिटांत तिचा हात माझ्या हातात असायचा आणि ती मला काही करायची नाही. मी पट्टा काढल्यावरही धरून बसायचे. लाज वाटते सांगायला.

सिस्टर : थांबा. तुम्ही हात धरलाय आत्ता, त्याचा अंगठा हलला.

मुलगी : भास झाला असेल.

सिस्टर : हलला, ताई. तुमच्या बोटाभोवती आवळला. मावशी, परत आवळा बघू. बघा! अहो, ही केवढी चांगली गोष्ट आहे! केव्हापासून?

मुलगी : चार दिवस झाले.

सिस्टर : आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?

मुलगी : नाही.

आई : हलतोय? माझा हात हलतोय, आणि ही मला सांगत नाही?

मुलगी : सिस्टर, अजून एक सांगायचंय. तुम्ही डॉक्टरांना सगळं सांगणार आहात तर हेही सांगा. दहा दिवसांपूर्वी ती गाढ झोपली होती. मी हळूच डाव्याला बांधून बघितला.

सिस्टर : किती आला?

मुलगी : एकशे एक्याऐंशी.

सिस्टर : झोपेत! आणि वहीत काय लिहिलंत?

मुलगी : उजव्याचा लिहिला. एकशे तीस.

सिस्टर : माहीत असून?

मुलगी : आधी वाटलं, मशीन बिघडलं. मग परत घेतला, तोच आला. मी वही उघडून बसले. डाव्याचा लिहिला तर तुम्ही म्हणणार, आता रोज डावाच घ्या, मी स्वतः बघायला येते. मग मी उजव्याचा लिहिला. दहा दिवस तेच करतेय. तिला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. देवाशप्पथ वाटत नव्हतं. पण तिच्या त्या हाताजवळ जाण्यापेक्षा मला तो खोटा आकडा बरा वाटला.

सिस्टर : ताई, हे फार वाईट केलंत.

मुलगी : हो.

आई : मारायला निघाली! मला मारायला निघाली ही! दहा दिवस गप्प बसून, हात कुरवाळत! ये इकडे. इकडे ये तू.

सिस्टर : मावशी, उठू नका. ताई, तुम्ही मागे व्हा.

आई : मागं कशाला? पुढं ये. दूध पाजून सापीण वाढवली मी. ये, आईजवळ ये.

मुलगी : आले. बोल.

सिस्टर : ताई, उशीखाली हात गेलाय त्यांचा. ताई!

मुलगी : आई गं!

सिस्टर : दाभण! अहो, दाभण आहे त्यांच्या हातात! सोडा, मावशी, सोडा ते!

आई : डोळा फोडीन! अंगठा मोडला तेव्हा मान मोडायला हवी होती. सोड मनगट! सोड, टवळे!

मुलगी : नाही सोडत. आज नाही सोडत. कर काय करायचं ते.

आई : मोडेल माझा हात!

मुलगी : मोडू दे! माझा मोडला तेव्हा मीही ओरडले होते. टाक ते. टाक म्हणते ना! टाक!

सिस्टर : ताई, पिरगाळू नका! हात सोडा त्यांचा! ताई, नको!

(थप्पड. खाली कटिंग मशीन सुरू होतं.)

सिस्टर : बस! बस आता! दोघी बाजूला व्हा. दाभण माझ्याकडे द्या. द्या इकडे. मावशी, माझ्याकडे बघा, किती बोटं आहेत ही?

आई : तीन. मला मारलं हिनं.

सिस्टर : हसून दाखवा. हात उचला. बोला काहीतरी.

आई : मला मारलं पोटच्या पोरीनं.

सिस्टर : शब्द ठीक आहेत. ताई, तुमचा दंड. हा घ्या कापूस, घट्ट दाबून धरा. आरपार गेलं नाही, पण टाका लागेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही. काय केलंत हे? आत्ता, या अवस्थेत त्यांच्यावर हात टाकलात? डोक्यात कधी काय होईल सांगता येत नाही त्यांच्या.

मुलगी : लिहा. वहीत लिहा तुम्ही. वेळ टाका. मी सही करते.

सिस्टर : लिहावं लागणारच आहे. तुमचं आणि त्यांचं, दोघींचं. ते मशीन बंद करायला सांगा कुणीतरी!

मुलगी : थोड्या वेळानं आपोआप करतील बंद. त्यांना सवय आहे.

आई : मारलंस मला.

मुलगी : हो.

आई : जोर नव्हता.

मुलगी : उजव्या गालावर बसली. तुला तिथं कळत नाही.

आई : ...तरी म्हटलं, एवढ्या आवाजाला एवढंसंच कसं लागलं.

सिस्टर : हसू नका दोघी. काही हसण्यासारखं झालेलं नाही.

मुलगी : मी हसत नाहीये, सिस्टर. मला वाटायचं एकदा मारलं की मोकळं वाटेल. रात्र रात्र जागून मी ठरवलेलं असायचं कुठं मारायचं, कशानं मारायचं. आणि गाल केवढासा झालाय हिचा. नुसतं कातडं. मी कातड्यावर मारलं.

आई : रडू नको. पाणी लागलं तर जखम चिघळते.

सिस्टर : अँब्युलन्स यायच्या आत मला एक आकडा हवाय. खरा. मी बांधते, तुम्ही लांब बसा, ताई.

मुलगी : मी बांधते.

सिस्टर : मुळीच नाही.

मुलगी : तुम्ही जाल सिस्टर, आठवड्यातून एकदा याल. मग कोण बांधणार? बाजूला व्हा. आई, मी आता या बाजूला आलेय. डाव्या. मारायचं असेल तर आत्ता मारून घे. पट्टा बांधल्यावर नाही, आकडा चुकतो.

आई : दंडातून रक्त येतंय तुझ्या.

मुलगी : येऊ दे. मारतेस?

आई : ...

मुलगी : मग हात इथं ठेव. तळवा वर. पाठ टेक. मूठ उघड, आई. उघड मूठ. आणि आता बोलायचं नाही.

सिस्टर : ...दोनशे दोन. एकशे दहा.

मुलगी : लिहा सिस्टर. डावा हात, असंही लिहा.

सिस्टर : लिहिलं. आलीच वाटतं, खाली हॉर्न वाजतोय. जिना अरुंद आहे, मी खाली जाऊन त्यांना खुर्ची आणायला सांगते, स्ट्रेचर वळायचं नाही. दोन मिनिटं तुम्हाला सोडून जाऊ ना? खरं सांगा.

मुलगी : जा.

सिस्टर : मावशी?

आई : जा गं बाई. दाभण तुझ्याकडंच आहे की.

मुलगी : ...शाल घे अंगावर. चष्मा पिशवीत टाकलाय.

आई : तू येणार गाडीत?

मुलगी : येणार.

आई : आणि घरी सोडल्यावर?

मुलगी : घरीही येणार. आता ऐक. माणसं वर यायच्या आत सांगते, नंतर माझी हिंमत व्हायची नाही. तुझा उजवा हात जागा होतोय. मी चार दिवस लपवलं, कारण मला त्याची भीती वाटते. आता लपवत नाही. ज्या दिवशी तू या हातानं स्वतः जेवशील, स्वतःची वेणी घालशील, सुईत दोरा ओवशील, त्या दिवशी मी इथून जाणार. दुसऱ्या गावात एक छापखाना आहे, तिथं विचारून ठेवलंय. त्यांना शिलाई येणारी बाई हवीय.

आई : मला टाकून.

मुलगी : हो.

आई : म्हातारीला. आजारी आईला.

मुलगी : आजारी आईला नाही. बरी झालीस की.

आई : ...मग नको तो व्यायाम. राहू दे तो हात असाच.

मुलगी : नाही, आई. सकाळी, दुपारी आणि झोपायच्या आधी. मी स्वतः करून घेणार आहे.